एक चेहरा, एक मागणी

लीव्हिंग सर्टची परीक्षा सुरू झाली की आयर्लंडमध्ये ऊन पडतं. ही इथली बारावी. वर्षभर ओल्या पोत्यासारखं लोंबणारं आभाळ जूनच्या सुरुवातीला, पेपर सुरू होतात त्याच सुमारास, कोरडं खडखडीत होतं. कोणी मोजून पाहिलेलं नाही, पण आमच्या एनिस गावात खाटकापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्याला परीक्षेचं ऊन म्हणतात. मुलं आत घाम पुसत लिहितात आणि उरलेलं गाव नदीच्या कठड्यावर बसून आइस्क्रीम चाटतं. यात काही चुकतंय असं कोणालाही वाटत नाही.

मला हे ऊन नको असतं. मागच्या वर्षी याच उन्हात मी दोन म्हाताऱ्या बायकांचं एकत्र बसणं मोडलं. भांडण लावून नाही, कट करून नाही. पत्रक काढून.

आज ते पुन्हा आलंय. दोरीवरचे शर्ट तासाभरात वाळले. गावाबाहेर गवत कापायला सुरुवात झाली आहे. गुरांसाठी ते हिरवंच दाबून मुरवतात, आपल्याकडचा मुरघास, आणि त्याचा गोडसर आंबूस वास खिडकी लावली तरी आत येतो. "मागे खुर्च्या टाकू, बाहेर जेवू," निखिल म्हणाला. "असं ऊन परत कधी मिळणार?" मी म्हटलं, तू जेव. त्याने एकच खुर्ची बाहेर नेली. माझा नवरा शॅननच्या विमानतळाजवळ विमानांचे सुटे भाग तपासतो. कुठली गोष्ट दाबली तर मोडेल हे त्याला कळतं.

पत्रकं लिहायला मी पुण्यात शिकले. घरकामगार बायकांच्या संघटनेत चार वर्षं तेच केलं. आमच्या शैलाताई माझी पहिली सगळी पत्रकं लाल पेनने भोसकायच्या. "अगं, वाचणारी बाई चार घरची भांडी घासून निघाली आहे. तिच्याकडे बस येईपर्यंतचा वेळ आहे. तुझा निबंध कोण वाचणार?" त्यांचा नियम एकच. एक चेहरा, एक मागणी. शंभर जणींचं दुःख कोणी वाचत नाही, एकीचं वाचतात. तिचा फोटो लावा, तिचं नाव लिहा, खाली एका ओळीत काय हवंय ते सांगा. बाकीच्या नव्व्याण्णव त्या एकीच्या पदराला धरून आपोआप आत येतात.

मी त्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर तो खोटाही ठरला नव्हता. त्या नियमाने आम्ही पगारी सुट्ट्या मिळवल्या होत्या.

लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या कागदांवर माझी ओळख निखिलची अवलंबित अशी होती. मी सहा महिने त्या शब्दावर चिडून काढले आणि मग म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचा कोर्स करून एनिसच्या वेशीवरच्या एका नर्सिंग होममध्ये नोकरीला लागले. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आठवतं. इथे तिथून कोणी घरी जात नाही.

दिवाणखान्याच्या टोकाला, पश्चिमेच्या खिडकीशी, दोन खुर्च्या होत्या. एकीत सोलांजबाई, दुसरीत ब्रायडी. सोलांजबाई फ्रेंच, पंच्याऐंशीच्या घरातल्या, मान अजून उंच. ब्रायडी याच क्लेअर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची विधवा, गुडघे गेलेली, जीभ शाबूत. मनातल्या मनात एकीला मी अहो-जाहो करायचे आणि दुसरीला अगं-तुगं. याचं कारण इतकंच की ब्रायडीने पहिल्याच दिवशी मला, "पोरी, तू मला धुते आहेस की बटाटे?" असं विचारलं होतं. असं बोलणाऱ्या बाईला अहो म्हणता येत नाही.

खिडकीबाहेर शेजाऱ्याचं कुरण होतं. दोघी दिवसभर त्याकडे बघायच्या. एकमेकींकडे नाही, कुरणाकडे. पाऊण पाऊण तास शब्द नाही. मग ब्रायडी म्हणायची, "हा यंदा पण उशीर करणार कापायला. याचा बाप असाच होता." त्यावर सोलांजबाई, "गवताला घाई नाही, ब्रायडी." "गवताला नसेल. गाईंना असते." संपलं संभाषण. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांकडे बोलायला काही उरलेलं नाही. माणूस चोवीस तास बोलला नाही तर त्याच्यावर अन्याय झालाय असं मला तेव्हा वाटायचं.

सोलांजबाई नटी होत्या हे मला आठ महिन्यांनी कळलं. त्यांच्या खोलीतल्या प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, स्वेटर ठेवताना खालून एक खाकी पाकीट घसरलं. त्यातल्या फोटोत बाविशीतली एक मुलगी ओल्या रस्त्यावर वळून बघत होती. तशी मान मी रोज सकाळी पुसत होते, म्हणून ओळखली.

मग त्या सकाळी केस विंचरताना थोडं थोडं सांगायला लागल्या. ब्रिटनीतलं बंदर, वडील जाळी सांधणारे, आई सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात. आईच्या बोटांना तेलाचा वास असायचा, तो चर्चमध्येसुद्धा येऊन बसायचा. सतराव्या वर्षी सोलांजबाई पॅरिसला हातमोज्यांच्या दुकानात लागल्या. तिथे एका फिल्मवाल्याने पाहिलं, पण त्यांना नव्हे, त्यांच्या हातांना. एका मोठ्या नटीचे हात संधिवाताने वाकडे झाले होते. पत्र फाडायचं, प्याला उचलायचा, दाराची मूठ फिरवायची, एवढ्यासाठी त्यांना सरळ हात हवे होते. पहिली दोन वर्षं सोलांजबाई सिनेमात मनगटापर्यंतच होत्या.

"मग चेहरा घेतला," त्या म्हणाल्या. "पण आवाज नको होता. माझे उच्चार मासळीबाजारातले होते. पहिल्या तीन सिनेमांत ओठ माझे हलतात, बोलते दुसरीच बाई."

"आणि तुम्ही ते चालवून घेतलंत?"

"तू केस ओढते आहेस."

ओल्या रस्त्याचा तो शॉट त्यांच्याकडून दिवसभर करून घेतला होता. अंगात ताप. पाण्याच्या टँकरने रस्ता परत परत भिजवायचे, मागून दिग्दर्शक ओरडायचा, अजून हळू वळ. त्या वळण्यामुळे त्या पोस्टरांवर गेल्या. दहा वर्षं कामं मिळाली. प्रेयसी, ठेवलेली बाई, नदीत सापडलेलं प्रेत. मी संतापले. मी म्हटलं, ही काय कामं झाली? "प्रेताचं काम चांगलं असतं," त्या म्हणाल्या. "लवकर घरी सोडतात."

पस्तिशीनंतर फोन बंद झाला. आणि मग गंमत बघा, ज्यांनी त्यांचा आवाज नको म्हटलं होतं त्यांनी तोच मागितला. बाहेरचे सिनेमे फ्रेंचमध्ये यायचे आणि त्यातल्या तरुण नट्यांना सोलांजबाई आवाज द्यायच्या. उच्चार एव्हाना शहरी झाले होते. अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरच्या दुसरीच्या ओठांकडे बघत, पंधरा वर्षं. "आधी हात, मग चेहरा, मग आवाज," त्या म्हणायच्या, जशी एखादी बाई सांगते की आधी वरची खोली भाड्याने दिली, मग खालची.

तो आवाज रेकॉर्ड करणारा एक आयरिश माणूस होता, कॉन. कानाला हेडफोन लावून त्याने वर्षानुवर्षं या बाईला ऐकलं होतं. तिचा श्वास कुठे अडतो हे त्याला माहीत होतं. तो निवृत्त होऊन लाहिंचला समुद्राजवळ राहायला निघाला आणि म्हणाला, येतेस का. त्या आल्या. कॉन गेला. त्या राहिल्या. या देशात त्यांचा एकही सिनेमा कोणी पाहिला नव्हता, आणि त्यांना तेच पाहिजे होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कपाटात खाली, स्वेटरांच्याही खाली ठेवलेलं पाकीट म्हणजे काय, हे कोणालाही कळलं असतं.

मागच्या वर्षी परीक्षेच्या उन्हात पत्र आलं. होम बंद होणार. पत्रात बंद हा शब्दच नव्हता. 'आपल्या प्रवासातला पुढचा टप्पा' असं लिहिलं होतं. ज्यांचा प्रवास पलंगापासून संडासापर्यंत, त्यांना. मालक कंपनी जागा विकत होती आणि प्रत्येकाला, जिथे पलंग रिकामा असेल तिथे, पाठवलं जाणार होतं. शोधायला तीन महिने होते. नातेवाइकांनी समिती केली. पहिल्या बैठकीत सगळे रडले, दुसऱ्या बैठकीत सगळे बोलले, आणि कोणीतरी विचारलं, हे लिहून कोण काढणार?

मी हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा मला या देशात माझं काम मिळालं होतं.

चेहरा माझ्यासमोर तयारच होता. ब्रायडीला मी फोटो दाखवला तेव्हा ती किती तरी वेळ बघत राहिली. "ही म्हणजे ही?" मग सोलांजबाईंकडे मान न वळवता म्हणाली, "एवढं सगळं होतं आणि तू माझ्याशी गाईंबद्दल बोलत बसलीस." सोलांजबाई म्हणाल्या, "तू गाईंबद्दल बोलत होतीस. मी ऐकत होते." ब्रायडी माझ्याकडे वळली. "माझा फोटो टाक त्यावर. लोक घाबरून तरी सही करतील."

मी हसले आणि ब्रायडीचा फोटो टाकला नाही.

पत्रक सुंदर झालं. मी निर्लज्जपणे सांगते, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक. अर्ध्या पानावर ओल्या रस्त्यावर वळणारी ती मुलगी. खाली तीच मान, आजची, खिडकीशी. मध्ये एक ओळ: हिला दुसऱ्यांदा रस्त्यावर आणू नका. छापून आणल्यावर सोलांजबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"यात ब्रायडी कुठे आहे?"

"पत्रकावर एकच चेहरा असतो, मादाम. बाकी सगळे त्याच्यामागे असतात."

"हो," त्या म्हणाल्या. "पोस्टरवरही तसंच असायचं." आणि थोड्या वेळाने, "हे वाक्य मी म्हटलेलं नाही. पण ओठ माझे आहेत."

मला ते टोचलं. पण प्रती छापून झाल्या होत्या. आणि मी स्वतःला सांगितलं, चळवळीत थोडं टोचतंच.

त्यानंतर जे झालं ते माझ्या नियमाबरहुकूम झालं. पत्रक एनिसच्या बाजारात वाटलं. स्थानिक पेपरने छापलं. रेडिओवर एक बाई हळहळली. आठवड्याने ते फ्रान्सला पोचलं आणि तिथल्या जुन्या सिनेमाप्रेमींनी डोक्यावर घेतलं. सोलांज जिवंत आहे, आणि आयर्लंडमध्ये बेघर होते आहे. पॅरिसजवळ वृद्ध कलावंतांसाठी एक संस्था आहे. बाग, ग्रंथालय, स्वतःचं छोटं थिएटर. तिथून एक बाई विमानाने शॅननला उतरल्या, हातात पांढरी फुलं. खोली तयार होती. खर्च सगळा त्यांचा.

दिवाणखान्यात सगळे जमले होते. समिती, कर्मचारी, पेपरचा फोटोग्राफर. त्या बाईंनी गुडघ्यावर बसून सोलांजबाईंचा हात धरला आणि विचारलं, याल ना? फोटोग्राफर पुढे सरकला. सोलांजबाईंनी हनुवटी थोडी उचलली, मान हळू वळवली, आणि हसल्या. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, आपण जिंकलो.

दुपारी मी त्यांना स्वेटर घालत होते. त्या म्हणाल्या, "मला नाही म्हणायचं होतं."

"मग म्हणाला का नाहीत?"

"कॅमेरा चालू होता, बाळ. कॅमेऱ्यासमोर मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. मला ते करताच येत नाही."

मी म्हटलं, आत्ता फोन करू, आत्ता सांगू त्यांना. आणि मी केलेही फोन, पण संस्थेला नाही. क्लेअरमधल्या प्रत्येक होमला. दोन पलंग मिळतील का, एकाच ठिकाणी? दोन बायका आहेत, नातं काही नाही. मैत्रिणी. नाही हो, मैत्रिणीच, शेजारी बसतात. पलीकडून सगळे फार प्रेमाने बोलले. नवरा-बायको असते तर काहीतरी बघितलं असतं, म्हणाले. बहिणी असत्या तरी. दोघी शेजारी बसतात, यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नव्हता. संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात फोन घेऊन मी बसले होते, उजेड संपता संपत नव्हता, शेजारची मुलं ट्रॅम्पोलीनवर उड्या मारत होती, आणि निखिल चहा आणून माझ्याशेजारी ठेवून परत जात होता. तीन वेळा आणला. तिन्ही गार झाले.

सोलांजबाईंना मी काय सांगणार होते? जाऊ नका? राहून कुठे राहणार होत्या? ते होम तर बंदच होणार होतं. माझ्या पत्रकाने मालकाचं मन वळलं नव्हतं. उलट त्यांच्या लोकांनी फोटोत उभं राहून सांगितलं की एका रहिवाशाची उत्तम सोय झाल्याचा त्यांना आनंद आहे. लोकांचाही राग निवला. ज्या चेहऱ्यासाठी त्यांनी सह्या केल्या होत्या तो वाचला होता. बाकीचे पदराला धरून आत येणार होते, पण पदरच विमानात बसून गेला.

जायच्या दिवशी सोलांजबाईंनी लिपस्टिक मागितली. ब्रायडीच्या खुर्चीजवळ त्या उभ्या राहिल्या. ब्रायडी खिडकीबाहेर बघत होती.

"मी निघते, ब्रायडी."

"ग्रँड," ब्रायडी म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, म्हणजे चालेल, म्हणजे विचारू नकोस.

"गवत कापलं की कळव."

"तुला कुठे पत्र लिहू मी, मला पत्ता लिहिता येतो का तिकडचा?"

"ती लिहील," म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दोघींची आता लेखनिक होते. गाडी फाटकाबाहेर गेली तरी ब्रायडीने मान वळवली नाही. मी तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसायला गेले. "तिथे नको," ती म्हणाली. मी जमिनीवर बसले.

सप्टेंबरात होम बंद झालं. ब्रायडीला पलंग मिळाला तो ॲथलोनला, पार देशाच्या मधोमध. क्लेअरमध्ये जन्मून, नांदून, विधवा होऊन जिने कधी शॅनन नदी ओलांडून एक रात्र काढली नव्हती तिला त्याच नदीच्या काठावरच्या एका परक्या गावात पाठवलं. तिथले लोक चांगले आहेत, खोली स्वच्छ आहे, जेवण गरम आहे. हे सगळं मी तपासून आले आहे, कारण मला काहीतरी वाईट सापडायला हवं होतं. सापडलं नाही. लढायला कोणी दुष्ट माणूस लागतो. तो नसला की माझ्यासारखीने हातांचं करायचं काय, हे शैलाताईंनी शिकवलं नव्हतं.

सोलांजबाईंचा महिन्यातून एकदा फोन येतो. तक्रार करत नाहीत. मी खोदून विचारते. रविवारी तिथल्या थिएटरात जुने सिनेमे लावतात. त्यांचाही लावतात. त्यांना पहिल्या रांगेत बसवतात आणि संपल्यावर दिवे लावून सगळे त्यांच्याकडे बघतात. पाहुणे सही मागतात. विद्यार्थी येतात, विचारतात त्या शॉटच्या वेळी मनात काय चाललं होतं. "मी सांगते, ताप होता. ते लिहून घेतात." मग एकदा म्हणाल्या, "इथे मला सगळे ओळखतात. ब्रायडी मला ओळखत नव्हती. फार छान होतं ते."

गेल्या रविवारी मी बसने ॲथलोनला गेले. आधी ठरवून ठेवलं होतं, दोघींना व्हिडिओवर भेटवायचं. तिकडे एक मुलगी फोन धरणार, इकडे मी. ब्रायडीची खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडते. ऊन पत्र्यांवर लखलखत होतं. मी पडदा ओढला, फोन तिच्यासमोर धरला, आणि सोलांजबाई दिसल्या. लिपस्टिक लावलेली, केस कोणीतरी नीट बसवलेले.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"इतकी समोरून मी तुला कधी पाहिलीच नव्हती," ब्रायडी म्हणाली.

"मीही."

"नाक मोठं आहे तुझं."

सोलांजबाई हसल्या. हे हसणं कॅमेऱ्यातलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, जेवतेस का. ब्रायडी म्हणाली, ग्रँड. त्यांनी विचारलं, ऊन आहे का. आहे. मग काही नाही. तेच पाऊण तासाचं मौन, जे खिडकीशी बसून दोघींना पुरून उरायचं, ते फोनमध्ये अर्धा मिनिटही मावेना. सोलांजबाईंची नजर कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. ब्रायडी माझ्या हाताकडे बघायला लागली. मी म्हटलं, बोला ना काहीतरी. दोघींनीही आज्ञाधारकपणे तोंड उघडून परत मिटलं. तिकडच्या मुलीला वाटलं फोन अडकलाय. तिने तो बंद केला. मी पुन्हा लावला, लागला नाही.

ब्रायडीने मला फोन खाली ठेवायला सांगितलं. मग तिने विचारलं, "ते कागद अजून लिहितेस का तू? तिच्यासाठी लिहिलास तसे?"

"हल्ली नाही."

"एक लिही. माझ्यासाठी. माझी मागणी छोटी आहे." तिने बोटाने शेजारची जागा दाखवली, जिथे कपडे धुवायला टाकायची टोपली होती. "ती इथे हवी. फ्रान्सला सिनेमा बघायला गेली तर जाऊ दे, पण राहायला इथे. बोलणार नाही मी जास्त. एवढंच लिही."

मी पिशवीतून वही काढली. इतकी स्वच्छ मागणी पुण्यातल्या चार वर्षांतही माझ्याकडे कोणी आणली नव्हती. मी लिहिली, एका ओळीत बसली. मग पानाच्या वरच्या टोकाशी पेन नेलं आणि तिथेच थांबले. कंपनी जागा विकून निघून गेली होती. पॅरिसच्या बाईंनी फुलं आणली होती. आरोग्य खात्याच्या माणसाने माझ्या प्रत्येक पत्राला दोन दिवसांत, क्षमा मागून, उत्तर दिलं होतं. इथली नर्स ब्रायडीला स्वतःच्या घरून बिस्किटं करून आणते.

"ब्रायडी," मी म्हटलं, "हे कोणाला लिहू?"

"ते मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "त्यातलं शिकून आलीस ना तू." आणि तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मी वरचं नाव लिहीन म्हणून कागदाकडे बघत बसली.